चावदिसाची पहाट आधी, बाकीची दिवाळी नंतर

पत्र : आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्राला लागून. गणपतीनंतर ते बंदच असतं. आजवर दिवाळीचं सगळं सासूबाई एकहाती करायच्या. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मुंबई-पुण्याची मिळून आम्ही 14 माणसं जमणार आहोत. सगळं माझ्यावर आलंय. जाऊबाई म्हणतात, सगळं विकत आणू. सासूबाई म्हणतात, मग गावी यायचंच कशाला? गेल्या वर्षी मी केलेल्या पोह्यांचा गोळा झाला, चकल्या दुसऱ्याच दिवशी मऊ पडल्या, कंदील पावसात भिजून फाटला, आणि शेवटच्या तिघांच्या आंघोळी ऊन पडल्यावर झाल्या. भाऊबीज करून आम्ही परतणार, मग तुळशीच्या लग्नाचं काय करायचं? – एक वाचक

उत्तर : ताई, जाऊबाई आणि सासूबाई दोघींचंही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या दिवसांबद्दल. फराळ विकत आणला तर दिवाळीचं काही बिघडत नाही. चावदिसाची, म्हणजे नरकचतुर्दशीची, पहाट मात्र विकत मिळत नाही. तेल-उटणं, पायाने फोडायचं कारीट हे कडू फळ, पोहे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं ही आपल्याकडची खरी दिवाळी. लाडू-चकली मागाहून आलेली पाहुणी. तेव्हा अंगातली ताकद त्या एका पहाटेवर लावा आणि बाकीच्याला सढळ हाताने कात्री लावा. सासूबाईंचा राग फराळाच्या डब्यावर नसावा. पहाटही डब्यातूनच येणार की काय, ही त्यांची धास्ती असावी.

तारीख पंचांगात आधी बघून ठेवा. काही वर्षी चावदिस आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतात, मग पहाटे आंघोळी आणि संध्याकाळी पूजा असा लांबलचक दिवस होतो. तसं असेल तर दुपारच्या जेवणाला डाळभात, लोणचं, पापड, बास.

आता आंघोळींचा हिशोब. उशीर तिथेच होतो. सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. तेल लावलेल्या माणसाला न्हाणीत आठ-दहा मिनिटं लागतात. एका न्हाणीत 14 जण म्हणजे सव्वादोन तास, म्हणजे चारला सुरुवात केली तरी शेवटचा माणूस सव्वासहाला बाहेर येणार, आणि कुणीतरी मध्ये रेंगाळणारच. म्हणून दोन जागा करा. बायका आणि लहान मुलं न्हाणीत, पुरुष मागच्या पडवीत किंवा विहिरीवर. तिथे आदल्या संध्याकाळीच आडोसा बांधा, बल्ब लावा आणि पायाखाली खडबडीत चिरा टाका, कारण तेल-उटण्याने ओली जागा साबणापेक्षा निसरडी होते. न्हाणीतही गोणपाट अंथरा. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यासाठी आत पक्कं स्टूल ठेवा, प्लॅस्टिकचं हलकं नको.

तेल-उटणं काढायचं म्हणजे माणशी दीड बादली पाणी धरा, सुमारे 22 लिटर. त्यात उकळतं पाणी 6 लिटर लागतं, बाकी विहिरीचं गार. 14 जणांना 84 लिटर उकळतं पाणी झालं. न्हाणीतलं भांडं 30 लिटरचं असेल तर ते तीनदा तापवावं लागेल, आणि चुलीवर दर खेपेला पाऊण तास तरी जातो. पहिल्या पाचांना कढत आणि शेवटच्यांना कोमट असं होतं त्याचं कारण हेच : दर बादलीमागे लोक भांड्यात गार पाणी ओततात आणि सगळंच निवतं. भांडं अर्धं होईपर्यंत ओतू नका, आणि ओताल तेही गॅसवर दुसऱ्या पातेल्यात तापवलेलं ओता. लाकडं, सोडणं (नारळाची सालं), करवंट्या चार दिवस आधीच पडवीत आणून ठेवा. पावसाळ्यात भिजलेलं लाकूड पहाटे धूर देतं, आच देत नाही. चूल रात्री रचून ठेवा, साडेतीनला फक्त काडी लावायची. हे काम घरातल्या एका पुरुषाला नाव घेऊन सांगा. 'कुणीतरी करेल' म्हटलं की तुम्हीच कराल.

उटणं कोरडंच ठेवा आणि लावायच्या वेळी दुधात किंवा नारळाच्या रसात कालवा. रात्री कालवलं तर सकाळी आंबूस वास येतो. मोरीच्या तोंडाला जाळी ठेवा, नाहीतर पाचव्या आंघोळीला पाणी तुंबतं. तेल तिळाचं किंवा खोबरेल, जे तुमच्या घरात चालतं ते. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट विस्तवावर नको.

कारीट बाजारात दोन-तीन दिवस आधी येतात, आणि वईवर (कुंपणावर) किंवा बांधावर वेल असेल तर फुकट. माणशी एक, वर पाच जास्त. पिकून पिवळं झालेलं कारीट पटकन फुटतं, कच्चं हिरवं अंगठ्याखालून निसटतं आणि मुलं पाय घसरून पडतात. परडीत, हवेवर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती दोन दिवसांत सडतात. आंघोळीआधी फोडायचं की नंतर, हे घराघरावर आहे, ते सासूबाईंना विचारा. तुळशीसमोर डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, 'गोविंदा' म्हणायचं, रस जिभेच्या टोकाला आणि बी कपाळाला लावायची. मुलांना आधीच सांगा की चाखायचं, खायचं नाही. ते जहर कडू असतं. फुटलेली कारीट लगेच एका बाजूला सारा, पाठोपाठ आलेला त्यांच्यावरून घसरतो.

आता पोहे. तुमचा गोळा का झाला, ते पत्रावरूनच बहुधा कळतंय. गावी नव्या भाताचे जाड पोहे मिळतात आणि आपण ते मुंबईच्या पाकिटातल्या पोह्यांसारखे भिजवतो. नवे पोहे मुळात ओलसर असतात. ते चाळणीत घेऊन वरून पाणी ओतायचं, निथळू द्यायचं आणि पाच मिनिटं झाकायचं, भांड्यात बुडवायचं नाही. जुने, कोरडे जाड पोहे असतील तर दहा मिनिटं, आणि मधे एकदा पाण्याचा हबका. आदल्या दिवशी मूठभर पोहे भिजवून बघा. चिमटीत दाबल्यावर मध्ये टणक कणी लागली तर वेळ वाढवा, पीठ झालं तर कमी करा. दिवाळीच्या दोन दिवस आधी नव्या पोह्यांना दोन उन्हं द्या, म्हणजे बुरशीचा वासही जातो.

घरची 14 आणि 'पोहे खायला या' म्हणून येणारे शेजारी धरून 2 किलो जाड पोहे आणा. विभागणी अशी : अर्धा किलो तिखट पोह्यांना, 400-400 ग्रॅम गूळपोहे, रसातले पोहे आणि दहीपोहे यांना, उरलेले 300 ग्रॅम राखीव. पाच-सहा प्रकार मांडायचा मोह आवरा. चार प्रकार नीट झाले तरी पान भरतं.

गूळपोह्यांना पाव किलो गूळ आणि दीड नारळाचं खोबरं. गूळ किसून थेट घातला तर दाताखाली खडा येतो. अर्धी वाटी पाण्यात विरघळवून गाळून घ्या, निवल्यावर भिजलेल्या पोह्यांत घाला, मग खोबरं, वेलची आणि चिमूट मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय गोडी सपाट लागते.

रसातल्या पोह्यांना तीन मोठे नारळ. खोबरं आदल्या संध्याकाळी खवून फ्रीजमध्ये ठेवा, रस मात्र पहाटेच काढा. रात्री काढलेला रस बाहेर राहिला तर आंबतो आणि फ्रीजमध्ये वर घट्ट साय धरतो. पहिला घट्ट रस वेगळा ठेवा. दुसऱ्या पातळ रसात 300 ग्रॅम गूळ विरघळवून गाळा आणि मग घट्ट रस मिसळा. उकळायचं अजिबात नाही. गरम रसात गूळ पडला की रस फुटतो आणि मग तो काही केल्या जुळून येत नाही. पोहे वाढायच्या दहा मिनिटं आधी रसात घाला, ते पिऊन फुगतच राहतात. अर्धा तास राहिले तर खीर होईल. पहाटे वीज गेली आणि मिक्सर चालेना, तर रसाचा हट्ट सोडा. त्याच खोबऱ्याचे आणखी गूळपोहे होतात.

दहीपोह्यांना आधी अर्धा लिटर दूध, मग पाऊण लिटर दही. दूध पोह्यांत मुरलं की दही आंबट होत नाही. फोडणी मोहरी, हिंग, आलं आणि सांडगी मिरचीची. ती थोडी निवल्यावरच ओता, कढत ओतली तर दह्याला पाणी सुटतं. तिखट पोहे सगळ्यांत शेवटी परता, बाकीची आंघोळ करून आली की. त्यात कांदा चालतो की नाही, हा प्रश्न चावदिसाला प्रत्येक घरात वेगळा असतो, तोही आधीच विचारून घ्या. पहाटे पाचला त्यावर चर्चा नको.

सांबाऱ्यासाठी अर्धा किलो काळे वाटाणे आदल्या दिवशी सकाळी भिजत घाला, 12 तास तरी हवेत. रात्री कुकरला नुसते मीठ घालून शिजवून ठेवा. वाटप, म्हणजे वाटण, रात्री घालू नका. या दिवसांच्या उकाड्यात खोबऱ्याचं वाटप लावलेलं सांबारं सकाळपर्यंत आंबतं. भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप रात्री कोरडंच वाटून फ्रीजमध्ये ठेवा, पहाटे पाणी घालून सरसरीत करा, मालवणी मसाला घाला आणि उकळी आल्यावर शेवटी चार-पाच आमसुलं. आमसूल आधी पडलं तर वाटाण्याचं साल कडक राहतं. जुने वाटाणे कितीही शिट्ट्या दिल्या तरी दाताखाली येतात, म्हणून दुकानदाराला नवे मागा आणि मूठभर आधी शिजवून बघा.

फराळाबद्दल थोडक्यात. लाडू, शंकरपाळे, चिवडा खुशाल विकत आणा. गावातला बचतगट किंवा ओळखीची बाई करून देत असेल तर उत्तम, फक्त 15 दिवस आधी सांगा. एकच प्रकार घरी करायचा असेल तर चकली करा, कारण दुकानातली चकली समुद्राजवळच्या हवेत फार टिकत नाही आणि घरचीचे पैसे वसूल होतात. तुमच्या चकल्या मऊ पडल्या त्याची तीन कारणं संभवतात. एक, तेल फार तापलेलं होतं : चकली बाहेरून पटकन लाल होते, आत ओल राहते आणि तीच ओल दुसऱ्या दिवशी बाहेर येते. चकली टाकल्यावर बुडबुडे जोरात येतात; ते जवळजवळ थांबेपर्यंत मध्यम आचेवर तळा. दोन, उकडीत पाणी जास्त. भाजणी आणि पाणी वाटीला वाटी घ्या, वाटीमागे एक चमचा तेलाचं मोहन, मीठ-तिखट-तीळ-ओवा-हिंग. पाणी उकळल्यावर गॅस बंद करून भाजणी घाला, अर्धा तास झाकून ठेवा आणि मळताना कोमट पाण्याचा नुसता हात लावा. मोहन वाढवून खुसखुशीत करायला गेलात तर चकली तेलात विरते. पीठ कोरडं राहिलं तर पाडतानाच तुटते. तीन, डबा. गरम चकली डब्यात गेली की झाकणाला वाफ धरते. पूर्ण निवल्यावरच भरा, तळाला कागद घाला आणि एक मोठा डबा करण्याऐवजी चार लहान करा. 14 जणांच्या घरात मोठा डबा दिवसातून तीसदा उघडतो आणि दर वेळी खारी दमट हवा आत जाते.

नेवऱ्या (करंज्या) करणार असाल तर ओल्या नारळाच्या करा, पण चावदिसाच्या आदल्या दिवशी आणि दोन दिवसांत संपतील एवढ्याच. मुरडायचं काम सासूबाईंना द्या. ते बसून होतं आणि त्यांच्याइतकी नीट मुरड तुमच्यापैकी कुणाला घालता येणार नाही. वाती वळणं, खोबरं खवणं, रस चाखून गूळ पुरे झाला की नाही ते सांगणं, हेही त्यांचंच. विळीसाठी खाली बसता येत नसेल तर टेबलाला बसवायची खवणी आणा. 'तुम्ही आराम करा' हे वाक्य मात्र टाळा. ज्या बाईने इतकी वर्षं हे घर चालवलं तिला ते हाकलून दिल्यासारखं वाटतं.

घर गणपतीपासून बंद आहे, म्हणून निदान दोन माणसं चार दिवस आधी पोहोचायला हवीत. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या लगेच भरतात, तेव्हा कणकवली किंवा कुडाळचं तिकीट त्याच दिवशी काढा. फटाके गाडीतून नेऊ नका, रेल्वेत त्यांना बंदी आहे. लागतील तेवढे गावच्या बाजारात घ्या. पोहोचल्यावर पहिल्या दिवशी पंप आणि टाकी, गाद्या उन्हात, चूल कोरडी. दुसऱ्या दिवशी खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. पावसात उगवलेलं गवत काढून खळं चोपून शेणाने सारवायचं तर सुकायला दोन कोरडे दिवस लागतात, आणि परतीचा पाऊस नेमका संध्याकाळी गडगडत येतो. सकाळी लवकर सारवा. संध्याकाळचं सारवण वाहून जातं. वेळ नसेल तर फक्त तुळशीभोवतीचा चौक सारवा, रांगोळीला तेवढा पुरतो.

कंदील घरी करायचा तर मुलांना कामट्या तासायला बसवा, पण टांगायची जागा बदला. खळ्यात उंच काठीवर कंदील दिमाखदार दिसतो आणि पहिल्या सरीत संपतो. पडवीच्या आत, पागोळीपासून हातभर मागे टांगा. पतंगी कागदाऐवजी जिलेटिन किंवा कापड लावा. आत 9 वॉटचा एलईडी बल्ब पुरे. जुना 60 वॉटचा बल्ब कागद करपवतो. होल्डर तोंड खाली करून, म्हणजे पाणी साचत नाही. वायरचा जोड पडवीच्या आत आणा, नुसती टेप गुंडाळून पावसात सोडू नका. जुन्या घरात ईएलसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या, ओल्या खळ्यात अनवाणी फिरणाऱ्या मुलांसाठी तो खर्च वायफळ नाही.

नव्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवून उपड्या सुकवा, नाहीतर निम्मं तेल मातीच पिते. 40 पणत्यांना एका वेळेला पाऊण लिटर तेल धरा. खाऱ्या वाऱ्यात त्या पायरीवर टिकत नाहीत. तुळशीच्या कोनाड्यात, खिडकीच्या आत, भिंतीच्या आडोशाला ठेवा. आणि एक गोष्ट अगदी बजावून : हे भातकापणीचे दिवस आहेत. आजूबाजूला गवताच्या उडव्या असतील, माळ्यावर पेंढा असेल. त्या बाजूला पणती नाही, बाण नाही, भुईचक्र नाही. फुलबाज्या खळ्याच्या मध्यावर, शेजारी पाण्याची बादली, जळलेल्या तारा बादलीत.

लक्ष्मीपूजन साधं ठेवा. नवी केरसुणी, साळीच्या लाह्या, बत्तासे, धने-गूळ. पाडव्याला गोठा असलेल्या शेजाऱ्याकडे मुलांना घेऊन जा, गुरांना ओवाळायला आणि गोंड्याच्या (झेंडूच्या) माळा घालायला ती आनंदाने येतील. गोंडा आदल्या दिवशीच काढून ठेवा.

जाऊबाईंचं काय? त्यांना विकत आणायच्या फराळाची पूर्ण जबाबदारी द्या. यादी, पैसे, मुंबईहून आणणं, सगळं. खर्च सगळा आधी लिहून घरटी वाटून टाका. नारळ, लाकूड घरचं असेल तर ते हिशोबात धरू नका. भाऊबीजेच्या संध्याकाळी वही उघडून बसलेल्या जावा पुढच्या वर्षी वेगवेगळ्या तारखांना येतात.

तुळशीचं लग्न कार्तिकी द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कुठल्याही दिवशी लावता येतं, पण तोवर तुम्ही नसाल. शेजारच्या घरी आधीच बोलून ठेवा. त्यांचं लग्न लागलं की तुमच्या वृंदावनाशीही अंतरपाट धरतील, गावात ही पद्धत आहेच. निघण्यापूर्वी आवळा-चिंचेच्या फांद्या आणि ऊस कुठून घ्यायचा ते ठरवून त्याचे पैसे, एक नारळ, वाती आणि उरलेलं तेल त्यांच्याकडे द्या. तुळशीला पाणी घालायला कुणाला तरी सांगा. दिवाळीनंतर ऊन कडक होतं आणि कुंडीतली तुळस आठवड्यात वाळते.